पीसी रुसलाय? आधी डेटा, मग विंडोज!

सोमवार सकाळ. वर्क फ्रॉम होम. दहाची मीटिंग, पावणेदहाला तुम्ही पीसीचं बटण दाबता आणि काळ्याकुट्ट स्क्रीनवर एकच ओळ उमटते, ‘नो बूटेबल डिव्हाइस’. पुढच्या पाच मिनिटांत घरातले सगळे एक्स्पर्ट होतात. कुणी म्हणतं व्हायरस, कुणी म्हणतं वायर हलवून बघ. आणि कुणीतरी तो जालीम उपाय सुचवतंच, ‘फॉरमॅट मारून टाक ना!’

थांबा, तिथेच थांबा. मित्रमंडळींचे आणि नातेवाइकांचे आजारी पीसी बघण्याची ऑनररी ड्युटी मी बरीच वर्षं करतोय. फी? चहा-पोहे! एवढ्या वर्षांत एक नियम मात्र पक्का झालाय. आधी डेटा, मग मशीन. विंडोज पुन्हा टाकता येतं, पॉवर सप्लाय नवा मिळतो. गेलेला फोटो मात्र अख्खा लॅमिंग्टन रोड पालथा घातला तरी मिळत नाही.

गाडी कुठल्या स्टेशनवर अडली?

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा प्रवास म्हणजे आपली स्लो लोकल. ती कुठे थांबली ते कळलं की निम्मं काम झालं.

पहिलं स्टेशन, वीज. पंखा नाही, लाइट नाही? मग हार्ड डिस्कला दोष देऊ नका. एक्स्टेंशन बोर्ड बदलून बघा आणि कॅबिनेटच्या मागचा छोटा स्विच चालू आहे का, तेही.

दुसरं स्टेशन, मशीनची स्वतःची तपासणी. पंखा फिरतोय, पण स्क्रीनवर काहीच नाही. जुने मदरबोर्ड अशा वेळी बीप देतात, नवे बरेचसे छोटा लाइट लावतात. आधी मॉनिटरची केबल बघा. मग प्लग काढून रॅमची पट्टी नीट काढून पुन्हा बसवा. कितीतरी पीसी एवढ्यावरच उठून बसतात!

तिसरं स्टेशन, डिस्कचा शोध. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं ते इथे. यूएसबीत पेन ड्राइव्ह विसरलाय का? तो काढा. नसेल, तर मशीन चालू होताना एफ-२ किंवा डिलीटचं बटण दाबून सेटअपमध्ये जा आणि एकच गोष्ट बघा, यादीत तुमच्या डिस्कचं नाव दिसतंय का? दिसत असेल, तर बहुतेक वेळा घोळ बूट ऑर्डरमध्ये किंवा विंडोजच्या फाइल्समध्ये असतो. नसेल, तर मशीन बंद करून डिस्कच्या केबल्स तपासा. रोज तारीखही चुकीची दिसतेय? मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. तो सीआर-२०३२ असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

चौथं स्टेशन, विंडोज. लोगो येतो, ठिपके गोल गोल फिरतात आणि गाडी पुढे जातच नाही. दोन-तीनदा असं झालं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा स्क्रीन उघडतं. तिथे स्टार्टअप रिपेअर, शेवटचं अपडेट काढणं आणि सेफ मोड हे तीन पर्याय आधी वापरा. त्यांनी तुमचे फोटो-फाइल्स पुसल्या जात नाहीत. ‘रिसेट’ दाबण्याआधी मात्र दोनदा वाचा. ‘कीप माय फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ शेजारी-शेजारीच राहतात!

दीड तासात मशीन नवीन?

गेल्या वर्षी मावशीचा पीसी असाच अडला. लोगो यायचा आणि मग तासभर काही नाही. घरी बोलावलेला टेक्निशियन म्हणाला, ‘काकू, फॉरमॅट मारतो, दीड तासात मशीन नवीन.’ त्या डिस्कवर काकांचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. कॉपी कुठेच नव्हती. मी त्याला चहा दिला आणि डिस्क काढून ठेवायला सांगितली.

घरी ती यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली. लगेच विंडोजने विचारलं, ‘फॉरमॅट करू?’ अशा वेळी बोट फक्त ‘कॅन्सल’वर! डिस्क आवाज करत नव्हती, पण एकेक फोल्डर उघडायला मिनिटं लागत होती. म्हणून सगळी डिस्क कॉपी करायच्या भानगडीत न पडता आधी तो दिवाळीचा फोल्डर घेतला, मग बाकीचे. रात्रीपर्यंत बहुतेक फोटो आले. काही अर्धे करडे निघाले, काही उघडलेच नाहीत. पण दिवाळीचे होते. मावशीने ते बघितले आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

डिस्क काढायची नसेल, तर उबुंटूसारखं लिनक्स पेन ड्राइव्हवरून थेट चालवा आणि फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या.

‘चेकडिस्क’ कमांडचं काय? लाइट गेल्यामुळे फाइल्सचा हिशेब बिघडला असेल, तर ती कामाची. पण डिस्कच मरायला टेकली असेल, तर सगळी डिस्क वाचत बसणारी तपासणी म्हणजे तापात मॅरेथॉन. आधी कॉपी, मग तपासणी.

आणि ‘टक-टक’ आवाज येत असेल, तर ताबडतोब बंद! हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. आवाज म्हणजे बरेचदा हेडला जागा सापडत नाहीये. अशा वेळी काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा घरगुती उपाय विसरा, आत ओल धरते.

डिस्क आधी सांगते का?

कधी कधी. डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची स्वतःची हेल्थ रिपोर्ट असते. गूगलच्या इंजिनीअर्सनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्क्सचा अभ्यास मांडला. पहिली स्कॅन एरर आल्यावर ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पण गंमत बघा, तापमान सोडलं तर बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्क्सनी कुठलाच इशारा दिला नव्हता! रिपोर्ट खराब असेल, तर घाबरा. चांगला असेल, तरी गाफील राहू नका. एसएसडीचं तर आणखी अवघड. ती टक-टकही करत नाही, एका सकाळी गप्प होऊ शकते.

४८ आकड्यांची किल्ली

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या स्क्रीनवर आणली. आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची. पण डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असलेल्या अनेक ठिकाणी आधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधावी लागली.

तुमच्या घरच्या लॅपटॉपलाही हे कुलूप असू शकतं. बरेचदा ते सेटअपच्या वेळीच आपोआप लागतं. डिस्क काढून दुसरीकडे लावली किंवा लिनक्सवरून उघडली, तरी किल्ली लागणारच. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आजच बघा, प्रिंट काढा, पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा.

या वीकेंडचा होमवर्क छोटा आहे. महत्त्वाच्या फाइल्सच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या जागी साठवलेल्या, त्यातली एक घराबाहेर म्हणजे क्लाउडवर किंवा भावाकडे. एवढं केलंत, की पीसी खुशाल रुसू दे.

आणि कुणी ‘फॉरमॅट मारतो’ म्हणालाच, तर हसून एवढंच विचारा, ‘डेटा कुठे काढून ठेवलास?’