घरांतील ध्वनियंत्राचे दोष आणि त्यांचा शोध

यंत्र बिघडलें कीं मनुष्य प्रथम यंत्रावर रागावतो, मग तें विकणाऱ्यावर, आणि शेवटीं घरांतील माणसांवर. शांतपणें विचार करण्याची पाळी सर्वांच्या मागून येते. हा क्रम उलटा करतां आला, तर पैसा वांचतो. आणि कधीं कधीं पैशाहून मोलाचें असेंही कांहीं वांचतें. याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांत आलें, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हा लेख.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं ‘होम थिएटर’ आहे. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या आजीबाई सायंकाळीं सर्वांबरोबर चित्रपट पाहण्यास बसेनाशा झाल्या. “गाणीं ऐकूं येतात, पण बोलणें कळत नाहीं, आतां माझे कान गेले,” असें त्या म्हणत, आणि घरच्यांनींही तें खरें मानलें. वस्तुतः बोलणें इतरांसही पुसटच येत होतें. पण पडद्याखालीं उमटणारीं अक्षरें वाचून त्यांचें भागे. आवाज वाढवावा, तर गाणें लागतांच शेजारी दार ठोठावीत. वडील नवा संच घेण्याच्या विचारांत होते. मुलानें आम्हांस विचारलें, आणि एका शनिवारीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों.

अशा संचांत बहुधा पांच स्पीकर आणि एक सबवूफर असतो. म्हणून त्यास ‘पांच पॉइंट एक’ असें म्हणतात. समोर डावा, उजवा व मधला, श्रोत्यांच्या बाजूंस किंवा मागें दोन, आणि खर्जाच्या आवाजासाठीं सबवूफर. चित्रपटांतील संवाद बहुतांशीं मधल्या स्पीकरमधून येतात, तर संगीत मुख्यतः डाव्या-उजव्यांतून. म्हणून गाणें मोठें आणि बोलणें पुसट, अशी तक्रार आली कीं आपली दृष्टि प्रथम मधल्या स्पीकरकडे वळली पाहिजे.

ध्वनीचा संदेश हा एक प्रवासी आहे असें समजा. सेटटॉप बॉक्समधून तो निघतो, तारेनें रिसीव्हरमध्यें येतो, तेथून दुसऱ्या तारेनें स्पीकरमध्यें जातो, आणि मग खोलींतील हवेंतून आपल्या कानापर्यंत पोंचतो. तो वाटेंत कोठें हरवला, हें एकेक मुक्काम तपासून काढावयाचें असतें. या तपासाचे नियम दोनच. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आणि तारेस हात लावण्यापूर्वीं यंत्र बंद करून त्याचा प्लग काढावा.

बहुतेक रिसीव्हरांत ‘टेस्ट टोन’ची सोय असते. ती चालू केली कीं प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीनें पाण्याच्या धारेसारखा आवाज येतो. आम्हीं ती चालू केली, तों चार स्पीकर बोलले आणि मधला मुका राहिला. आतां संशयित तिघे उरले : स्पीकर, त्याची तार, आणि रिसीव्हर. चांगला चाललेला डावा स्पीकर मधल्याच्या तारेस जोडला. तोही मुका झाला. अर्थात् दोष मधल्या स्पीकरचा दिसेना. मग तीच तार काढून दुसरी लावली. स्पीकर तत्काळ बोलूं लागला. म्हणजे रिसीव्हरही निर्दोष ठरला. जुन्या तारेचा माग काढतां काढतां आम्ही कपाटापाशीं पोंचलों. दिवाळीच्या सफाईंत सरकविलेल्या त्या कपाटाचा पाय तारेवर बसून आंतील तांब्याचे तंतु तुटले होते! चार हात तारेचें काम. त्यासाठीं सबंध संच टाकून दिला जाणार होता.

इतर दोषांचाही असाच शोध घेतां येतो. संचांतून सतत ‘घूं’ असा आवाज येत असेल, तर जोडलेल्या तारा एकेक करून काढून पाहाव्या. जी काढतांच आवाज थांबेल ती अपराधी. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते, आणि निरनिराळ्या ठिकाणीं प्लग लावलेल्या यंत्रांत अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या कीं त्या आवर्तनांचा गुंजारव स्पीकरमधून उमटतो. सर्व यंत्रें एकाच बोर्डावर जोडल्यानें तो पुष्कळदां जातो. पण अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कोणीं कधींही करूं नये. ती पिन जीव वांचविण्यासाठीं असते.

आवाज पोकळ व खर्जहीन वाटल्यास स्पीकरच्या पाठीवरील तांबडें व काळें टोंक पाहावें. एकाच स्पीकरच्या तारा उलट लागल्या, तर एकाचा पडदा पुढें येतांना दुसऱ्याचा मागें जातो, आणि दोघे मिळून खर्जाचा आवाज मारून टाकतात. ओठ आधीं हालतात व शब्द मागून येतात, किंवा याच्या उलट होतें, तेव्हां खोलीच्या लांबीस दोष देऊं नये. २० अंश सेल्सिअस उष्णतामानांत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो; खोली ओलांडण्यास त्यास सेकंदाचा शंभरावा हिस्सा पुरतो. विलंब यंत्रांतील असतो, आणि तो ‘ऑडिओ डिले’ या सोयीनें जुळवितां येतो.

शेवटचा मुक्काम खोलीचा. इ. स. १८९५ मध्यें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहांत वक्त्याचे शब्द कळत नसत. वॉलेस साबाइन या तरुण अध्यापकानें शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या तेथें आणून मोजमापें घेतलीं, आणि मऊ वस्तु प्रतिध्वनि शोषून घेतात, तो किती, याचा नियम बसविला. आपल्या घरीं गुळगुळीत फरशी व उघड्या भिंती असल्यास एक जाड सतरंजी व पडदे पुष्कळ काम करितात.

नवी तार बसविल्यावर मुलानें आजीबाईंस हांक मारली. त्या येऊन बसल्या. कांहीं बोलल्या नाहींत. मात्र चित्रपट संपेपर्यंत उठल्याही नाहींत.

वृद्धापकाळीं उंच स्वर प्रथम ऐकूं येईनासे होतात, आणि ‘स’, ‘श’ यांसारखीं व्यंजनें त्यांवरच उभीं असतात. यास्तव संच निर्दोष असूनही कोणास बोलणें कळत नसेल, तर मधल्या स्पीकरचा आवाज दोन-तीन डेसिबल वाढवावा, आणि संकोच न करितां कान तपासून घ्यावे. परंतु आधीं तार तपासा, मग कान. विद्यार्थ्यांनो, घरांतील वडील माणूस “माझेंच चुकत असेल” असें म्हणून मुकाट्यानें बाजूस सरकतें, तेव्हां त्याचें म्हणणें लगेच मान्य करूं नका. एकदां कपाटाखालीं वांकून पाहा.