तेरड्याचा रंग तीन दिवस, मग चित्राचा किती?

जानेवारीतल्या एका रविवारी बेंगळुरूचा कुमार कृपा रोड गाड्यांसाठी बंद असतो. त्या दिवशी रस्त्यावर फक्त चित्रं, चित्रकार आणि बघणारे. ही आपली ‘चित्र संते’. कन्नडमध्ये संते म्हणजे बाजार, गावाकडे आठवड्याला भरतो ना, तसाच. कर्नाटक चित्रकला परिषद २००३ पासून हा चित्रांचा बाजार भरवते. तुम्ही बेंगळुरूत राहत असाल, तर एकदा तरी चक्कर मारलीच असेल.

तिथे गणपती असतात, बुद्ध असतात, धावणारे घोडे असतात. आणि हमखास दिसतं एक अगदी साधं चित्र: मातीचं भांडं आणि त्यात चार रानफुलं. आपण म्हणतो, “छान आहे, हॉलमध्ये बरं दिसेल,” आणि पुढे जातो.

आज पुढे जायचं नाही. या चित्रासमोर थोडा वेळ थांबूया. कारण दिसायला ते जितकं साधं, तितकं काढायला सोपं नाही.

नाव स्थिरचित्र, पण स्थिर काय?

महाराष्ट्रात शिकलेल्यांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा आठवत असतील. एलिमेंटरीला ‘वस्तुचित्र’, इंटरमिजिएटला ‘स्थिरचित्र’. वर्गाच्या मध्ये टेबल, त्यावर कापड, कापडावर तांब्या, वाटी, एखादं फळ. आपण गोल करून बसायचो आणि ज्याच्या वाट्याला सोपी बाजू येईल तो खूश!

तांब्या खरंच स्थिर असतो. आज काढा, पुढच्या वर्षी काढा, तसाच दिसेल. पण त्याच तांब्यात फुलं ठेवली की सगळं बदलतं. सकाळी ताठ असलेली मान दुपारी झुकते. कळी उमलते. पाकळी गळते. म्हणजे एकाच चित्रात एक वस्तू वर्षानुवर्षं टिकणारी आणि दुसरी संध्याकाळपर्यंतचीच. चित्रकाराला दोन्ही एकाच कागदावर आणायच्या असतात.

तीन दिवसांची पाहुणी

आपल्या भाषेत यासाठी म्हणच आहे: तेरड्याचा रंग तीन दिवस. तेरडा पावसाळ्यात उगवतो. गुलाबी, जांभळी, पांढरी फुलं आणि पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की फट्कन फुटून बिया उडतात. लहानपणी हा खेळ खेळला नसेल असं मूल गावाकडे सापडणं कठीण.

आणि हाच तेरडा भाद्रपदात देव्हाऱ्यात जातो. अनेक घरांत, विशेषतः कोकणात, गौरी म्हणजे तेरड्याचीच रोपं. अनुराधा नक्षत्रावर तिचं आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. रंगही तीन दिवसांचा आणि माहेरपणही तीन दिवसांचं! रानात आपोआप उगवलेल्या रोपाला साडी-दागिन्यांनी सजवून पुजायचं आणि तिसऱ्या दिवशी निरोप द्यायचा, हे आपल्या आज्यांनी कुठल्याही चित्रकलेच्या वर्गात न जाता केलं.

विकतची फुलं आणि शेतातली फुलं

युरोपात फुलांच्या चित्रांची खरी लाट आली सतराव्या शतकात, हॉलंडमध्ये. ती फुलं मात्र रानातली नव्हती. ट्यूलिप, गुलाब, लिली अशी महागडी फुलं एका भांड्यात दाटीवाटीने असत. गंमत म्हणजे त्यांतली बरीच वेगवेगळ्या ऋतूंत फुलणारी. प्रत्यक्षात असा गुच्छ बनणंच शक्य नव्हतं, तो फक्त चित्रात बनायचा. पुढे अठराव्या शतकात यान व्हॅन हाउसम हा चित्रकार तर फूल समोर असल्याशिवाय काढायचा नाही. एकदा पिवळा गुलाब मिळाला नाही, म्हणून त्याचं चित्र पुढच्या वर्षावर गेलं.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. विन्सेंट व्हॅन गॉग. पॅरिसमध्ये असताना त्याच्याकडे समोर बसणाऱ्या मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने रंगांचा सराव फुलांवर केला. १८९० च्या उन्हाळ्यात तो फ्रान्समधल्या ओव्हेर या छोट्या गावात होता. तिथल्या साधारण सत्तर दिवसांत त्याने जवळजवळ रोज एक या वेगाने चित्रं काढली. त्यांतलंच एक: डेझी आणि पॉपीच्या फुलांनी भरलेलं भांडं. डेझी आणि पॉपी ही तिथली शेताच्या कडेला उगवणारी फुलं. जूनमध्ये हे चित्र झालं आणि २९ जुलैला व्हॅन गॉग गेला.

२०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हे चित्र सुमारे ६ कोटी १८ लाख डॉलरला विकलं गेलं. फुलं मात्र फुकट होती.

रंगही उडतो

तुम्ही म्हणाल, फूल सुकलं तरी चित्र राहिलं ना? राहिलं, पण पूर्ण नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात व्हॅन गॉगने आयरिस आणि गुलाबांची चार मोठी चित्रं काढली होती. आज त्यांतले गुलाब जवळजवळ पांढरे दिसतात. मुळात ते गुलाबी होते. आयरिसची फुलं आज निळी दिसतात, ती जांभळी होती. कारण त्याने वापरलेला एक लाल रंग प्रकाशात विटत जातो. लाल उडाला की गुलाबीचा पांढरा होतो आणि जांभळ्याचा निळा. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ही चारही चित्रं एकत्र मांडली, तेव्हा मूळ रंग कसे असतील याचा अभ्यासही लोकांसमोर ठेवला.

हे रंग टिकणार नाहीत याची व्हॅन गॉगला कल्पना होती. चित्रं फुलांसारखीच कोमेजतात, अशा अर्थाचं त्याने भावाला लिहिलंही होतं. तरी त्याने ते रंग वापरले. कारण समोरचं फूल त्या दिवशी तसंच दिसत होतं.

‘साईट’वरची फुलं

बेंगळुरूत रिकाम्या प्लॉटला सगळे ‘साईट’ म्हणतात. मी राहते त्या गल्लीत अशी एक साईट आहे. पाऊस झाला की तिथे कुणी न लावलेली बाग उगवते. घाणेरीचे झुबके असतात, आतून पिवळे, कडेला गुलाबी. एकदांडी असते, लांब देठावर एकच छोटं फूल. लहानपणी खरचटल्यावर हिचाच पाला चोळून लावायचे, म्हणून काही जण तिला दगडीपालाही म्हणतात. आणि पांढरी इवलीशी तुंबे. मराठीत ही द्रोणपुष्पी. शेजारच्या अज्जींनी सांगितलं, हे शंकराचं आवडतं फूल.

या वर्षी तिथे बांधकामाचा बोर्ड लागला आहे.

घर कुणाला नको असतं? तक्रार नाही. पण साताऱ्याच्या कास पठारावरच्या फुलांसाठी निदान बुकिंग आहे, रोज किती माणसं जाणार याची मर्यादा आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासला जागतिक वारसाही म्हटलं गेलं. गल्लीतल्या साईटवरच्या फुलांना यातलं काहीच मिळत नाही. त्यांचं चित्र कुणी काढलंच, तर ते गल्लीतलंच कुणीतरी. म्हणजे तुम्ही किंवा तुमची मुलं.

या रविवारी करून बघा

फुलं सकाळी लवकर आणा, उन्हं चढायच्या आत. कास किंवा कुठल्याही राखीव जागेतून एकही फूल तोडायचं नाही. घराजवळची, रस्त्याकडेची पाच-सात फुलं पुरेत. गाजरगवताला हात लावू नका, त्याची अनेकांना ॲलर्जी असते. धोतरा विषारी आहे, तो नकोच. घाणेरीची फळं मुलांनी तोंडात घालू नयेत. घरी आल्यावर सगळ्यांनी हात धुवायचे.

भांडं साधं घ्या: तांब्या, लोणच्याची रिकामी बरणी, छोटं मडकं. खिडकीजवळ ठेवा, म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल आणि सावली स्पष्ट पडेल.

आधी फुलं काढा, भांडं नंतर. भांडं कुठे पळून जात नाही! फुलांमध्येही जे सर्वांत आधी मान टाकेल, ते आधी.

भांड्याचा तळ सरळ रेषेने काढू नका. तोंड जर लंबगोल दिसतंय, तर तळालाही गोलाई हवी, आणि तोंडापेक्षा थोडी जास्तच. हिरवा रंग ट्यूबमधून थेट लावू नका. निळा-पिवळा मिसळून त्यात लाल रंगाचा एक थेंब टाका, पानं खरी वाटू लागतील. शेवटी टेबलावर पडलेली सावली काढा. तिच्याशिवाय भांडं हवेत तरंगतं.

चित्र भिंतीवर लावाल, तर थेट ऊन येईल तिथे लावू नका.

आणि एक काम विसरू नका. चित्राच्या मागे पेन्सिलीने तारीख लिहा, फुलं कुठून आणली ते लिहा आणि फुलांची नावं लिहा. मराठी नाव आजीला विचारा, कन्नड नाव शेजारच्या अज्जींना. काही वर्षांनी मुलं विचारतील, “इथे खरंच अशी फुलं होती?” तेव्हा चित्र उलटून दाखवता येईल.