दंतवैद्याची भीती घरातच रुजते

‘गोळ्या-चॉकलेट खाल्लेस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे वाक्य पेढीवरून दमून आलेल्या वडिलांच्या तोंडून सहज निघून जाते. पुढे खरोखरच दाढ दुखू लागली, की तेच मूल दवाखान्याच्या दाराशी आईचा हात सोडत नाही.

पहिला दात आल्यावर, वर्षाच्या आत, काही दुखत नसतानाच बाळाला दंतवैद्याकडे न्यावे. तपासणी आईच्या मांडीवरच होते. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालदंतवैद्य ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही रीत वापरतात. आरसा आधी मुलाच्या हाती दिला जातो. फिरता ब्रश आधी नखावर, मग दातावर. घरी मात्र ‘अजिबात दुखणार नाही’ असे खोटे वचन देऊ नये. एकदा गेलेली पत परत मिळत नाही, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे कायमची दाढ येते. दुधाचीच समजून तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. या वयात ‘हात वर केलास की डॉक्टर थांबतील’ असा संकेत ठरवून घ्यावा, आणि तो पाळला जावा. किशोरवयात भीतीपेक्षा किडलेल्या दातांची लाज अधिक असते. तेव्हा मुलाला डॉक्टरांशी स्वतःच बोलू द्यावे. वडिलांनी उत्तरे देण्याची घाई करू नये.