कोचाबांबाचे बागाइतदार व त्यांचे दूरदेशींचे साहाय्यकर्ते

पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची आणि किती वेळाची, हें पुष्कळ गांवीं कागदावर नसतें. तें वहिवाटीनें चालतें. वहिवाट निर्वेध चालू असेपर्यंत कागदाची आठवण कोणास होत नाहीं. परंतु सरकार एके दिवशीं सर्व पाणी एका मक्तेदाराच्या नांवें लिहून देतें, तेव्हां बिनकागदी हक्काची काय अवस्था होते, याचा अनुभव दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया देशाच्या कोचाबांबा खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं घेतला. ती हकीकत आमच्या शेतकरी बांधवांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे.

कोचाबांबा हें अँडीज पर्वतांतील, समुद्रसपाटीपासून सुमारें २,५०० मीटर उंचीवरील शहर. नळाचें पाणी तेथील सर्व वस्त्यांस कधींच पुरलें नाहीं. म्हणून कडेच्या वस्त्यांनीं वर्गणी काढून स्वतःच्या विहिरी खणल्या. भोवतालचे शेतकरी तर ओढ्यांचें व तळ्यांचें पाणी पिढ्यान्‌पिढ्या पाळीनें वांटून घेत आले होते. पाटाच्या दुरुस्तीस जो अंगमेहनत देईल त्याचा पाण्यावर हक्क, अशी त्यांची रीत.

१९९९ च्या सप्टेंबरांत सरकारनें या शहराचा पाणीपुरवठा ४० वर्षांच्या करारानें ‘आग्वास देल तुनारी’ या मंडळीकडे सोंपविला. तिच्यामागें अमेरिकेंतील बेक्टेल ही बलाढ्य कंपनी होती. या कामास दुसरा कोणी बोलीदार पुढें आला नव्हता, आणि भांडवलावर सरासरी १६ टक्के नफ्याची हमी करारांतच होती. (अशी हमी कोणत्या शेतकऱ्यास मिळाली आहे?) पुढच्याच महिन्यांत २०२९ क्रमांकाचा कायदा झाला. त्यायोगें मक्त्याच्या हद्दींत पाणी पुरविण्याचा अधिकार एकट्या मक्तेदाराचा ठरला, आणि लोकांनीं स्वखर्चानें खणलेल्या विहिरीही त्याच्या कक्षेंत येऊं लागल्या. पावसाचें पाणी धरण्यासही परवाना लागेल, अशी समजूत लोकांत पसरली.

प्रथम हालले ते शेतकरी. पाटकऱ्यांची त्यांची संस्था आधींपासून होतीच, आणि कायद्यांतील कलमांचा अर्थ तिच्या पुढाऱ्यांनीं वेळींच ओळखला. शहरवासी जागे झाले ते २००० च्या जानेवारींत, बिलें हातीं आल्यावर. कित्येक घरांचीं बिलें दुप्पट झालीं होतीं. तोंपर्यंत पाटकरी, कारखान्यांतील कामगार व वस्त्यांच्या पाणी समित्या यांनीं मिळून एक समन्वय समिति स्थापिली होती. पादत्राणांच्या कारखान्यांतील कामगार ऑस्कर ओलिव्हेरा हे तिचे मुख्य वक्ते. मार्च महिन्यांत समितीनें स्वतःच लोकमत घेतलें. सुमारें ५०,००० लोकांनीं मत दिलें, आणि बहुतेकांनीं करार मोडावा असेंच सांगितलें. सरकारनें तें मानलें नाहीं. एप्रिलांत रस्ते बंद पडले, आणीबाणी पुकारली गेली, आणि ८ एप्रिल रोजीं १७ वर्षांचा एक मुलगा गोळी लागून मरण पावला. १० एप्रिल रोजीं सरकारनें करार संपुष्टांत आणण्याचें मान्य केलें आणि दुसऱ्याच दिवशीं कायदाही सुधारला.

येथें प्रकरण मिटलें असें कोणासही वाटेल. पण कंपनीनें आपल्या मालकीचा कागद करारानंतर लवकरच हॉलंडांत नेऊन ठेवला होता, आणि हॉलंड व बोलिव्हिया यांच्यामधील भांडवल संरक्षणाच्या तहाचा आधार घेऊन तिनें वॉशिंग्टन येथील जागतिक बँकेच्या लवादापुढें निदान अडीच कोटी डॉलरांच्या भरपाईचा दावा लावला. चौकशी बंद दाराआड चालावयाची. ज्यांच्या पाण्याचा प्रश्न, त्यांस आंत प्रवेश नाहीं.

या ठिकाणीं परदेशांतील सामान्य लोक कामास आले. कोचाबांबांत राहणाऱ्या जिम शुल्ट्झ या अमेरिकन गृहस्थांनीं संगणकावरून बातमीपत्रें पाठवून कंपनीचें नांव जगापुढें आणिलेंच होतें. तीं वाचून अनेकांनीं कंपनीच्या प्रमुखास पत्रें लिहिलीं. सॅन फ्रान्सिस्को येथें, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्याच गांवीं, तिच्या दारापुढें निदर्शनें झालीं. २००२ सालीं तेथील नगरशासनाच्या मंडळानें दावा मागें घ्यावा असा ठरावही केला. त्याच वर्षीं चाळीसहून अधिक देशांतील तीनशेंहून अधिक संस्थांनीं लवादाकडे अर्ज केला कीं, काम उघडपणें चालवा व लोकांचें म्हणणें ऐका. २००३ च्या आरंभीं लवादानें तो अर्ज फेटाळला. इतकेंच नव्हे, तर २००५ च्या ऑक्टोबरांत हा दावा चालविण्याचा आपणांस अधिकार आहे, असाही निर्णय त्यानें दिला.

म्हणजे कागदावर कंपनीची बाजू वरचढ ठरत होती. तरीही तीन महिन्यांत, २००६ च्या जानेवारींत, बेक्टेल व तिची स्पॅनिश भागीदार अबेंगोआ यांनीं दावा सोडून दिला, आणि मोबदला घेतला तो बोलिव्हियाच्या चलनांतील दोन नाणीं! जिंकत आलेला दावा कोणी दयेपोटीं सोडीत नाहीं. पत्रें, ठराव व निदर्शनें यांनीं नांवास लागलेला बट्टा अडीच कोटींहून महाग पडूं लागला होता, असेंच माझें मत आहे. अर्ज फेटाळला गेला म्हणून तो व्यर्थ गेला असें म्हणतां येत नाहीं.

शहराचें मात्र सर्व भलें झालें नाहीं. नळ पुन्हां सार्वजनिक संस्थेकडे आले, पण दक्षिणेकडील गरीब वस्त्यांस पुढेंही कित्येक वर्षें टँकरचें पाणी विकत घ्यावें लागलें. शेतकऱ्यांच्या पदरीं अधिक ठोस लाभ पडला. २००४ च्या ऑक्टोबरांत बागाइतीसंबंधीं २८७८ क्रमांकाचा कायदा झाला, आणि त्या अन्वयें गांवोगांवच्या पाण्याच्या वहिवाटी सरकारी नोंदवहींत चढविण्याची व्यवस्था झाली. अशी नोंद मुदतीची नसून कायमची असते.