मोटारीचीं चाकें बदलण्यापूर्वीं

बैलगाडीच्या चाकाची धांव सैल झाली म्हणजे लोहार ती कापून, त्याच चाकाच्या मापानें जोडून, तापवून चढवीत असे. ती बसेल कीं नाहीं, ही शंका घेण्याचें कारणच नसे. मोटारगाडीचें तसें नाहीं. तालुक्याच्या बाजारांत टांगलेलीं चकचकीत अलॉय चाकें बहुधा कोणा एका गाडीसाठीं ओतलेलीं नसतात; तीं अनेक गाड्यांस ‘चालतात’ म्हणून विकलीं जातात. उसाचें बिल हातीं आलें कीं गाडीस नवीं चाकें घालावीं अशी इच्छा आमच्या कित्येक सभासदांस होते, व त्यांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु दुकानदारानें चाक लावून नट आंवळून दाखविले, एवढ्यानें तें चाक त्या गाडीस योग्य ठरत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांनीं आपल्या स्विफ्ट गाडीसाठीं जुन्या बाजारांतून चार अलॉय चाकें घेतलीं. हबवर चार खिळे, चाकास चार भोंकें; चाकें बसलीं. पण ताशीं ऐंशी किलोमीटरच्या पुढें स्टिअरिंग थरथरूं लागलें. दोन वेळां बॅलन्सिंग झालें, अलाइनमेंट झाली, तरी दोष जाईना. शेवटीं एका वृद्ध मिस्त्रीनें चाक उतरवून भोंकें मोजलीं, तेव्हां उलगडा झाला. त्या गाडीचे खिळे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर होते; चाकाचीं भोंकें ९८ मिलिमीटरचीं, म्हणजे फियाटच्या पॅलिओसारख्या गाडीस लागणारीं. दोन मिलिमीटरांचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, आणि पान्याच्या जोरानें नट आंवळलाही जातो. पण तो आपल्या बैठकींत पुरता न बसतां तिरपा ओढला जातो, खिळ्यावर सतत ताण राहतो, आणि पुढें एक तर नट सैल होतो किंवा खिळा तुटतो. याच गाडींतून दीड महिना घरचीं मुलें शाळेस जात-येत होतीं, हें ऐकून आमच्या अंगावर कांटा आला.

या वर्तुळाच्या व्यासास बाजारांत पी. सी. डी. म्हणतात. चार भोंकांच्या चाकांत समोरासमोरच्या दोन भोंकांच्या मध्यांमधील अंतर हाच तो व्यास होय. पांच भोंकांच्या चाकांत अशी जोडी सांपडत नाहीं. तेथें शेजारच्या दोन भोंकांच्या मध्यांमधील अंतर मोजून त्यास १·७०१ नें गुणावें. तें अंतर ६७·२ मिलिमीटर भरलें तर व्यास ११४·३, म्हणजे बरोबर साडेचार इंच येतो.

यानंतर मधलें मोठें भोंक. तें हबच्या उंचवट्यावर नेमकें बसलें पाहिजे. मोठें असल्यास मध्यें योग्य मापाची कडी घालतात. तींत कमीपणा नाहीं. ती नसली तर चाक मध्यावर आणण्याचें सारें काम नटांवर पडतें. नटाची बैठकही पाहावी. पुष्कळ चाकांत ती शंकूसारखी उतरती असते, तर होंडाच्या मूळच्या चाकांत ती वाटोळी असते. एकीचा नट दुसरींत केवळ कडेवर टेकतो. पोलादी स्टेपनीस जुनेच नट लागत असतील तर ते गाडींतच ठेवावे.

चाकाच्या आंतल्या अंगास ‘ईटी’ या अक्षरांपुढें आंकडा असतो. हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, हें तो दाखवितो. मूळचा आंकडा ४५ आणि नव्याचा ३० असला तर चाक १५ मिलिमीटर बाहेर सरकतें. गाडी रुबाबदार दिसते खरी, पण बेअरिंगवर तरफेसारखा ताण वाढतो.

आतां टायर. सन २०१८ मध्यें आलेल्या स्विफ्टच्या साध्या प्रकारांस १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकारांस १८५/६५ आर १५ असे टायर होते. पहिला आंकडा मिलिमीटरांत रुंदी, दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा किती तें, आणि शेवटचा रिमचा इंचांतील व्यास. १६५ चे शेंकडा ८० म्हणजे १३२. वर व खालीं मिळून २६४. १४ इंच म्हणजे ३५५·६. एकूण ६१९·६ मिलिमीटर. दुसऱ्याचें गणित वाचकांनीं स्वतः करून पाहावें; उत्तर ६२१·५ येईल. दोहोंत दोन मिलिमीटरांचाही फरक नाहीं. याउलट कोणी २०५/६० आर १६ सुचविला तर व्यास ६५२·४ होतो, म्हणजे मूळच्या १४ इंची चाकाहून शेंकडा पांचांवर वाढ. मग कांटा ९५ दाखवील तेव्हां गाडी सुमारें १०० नें धांवत असेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळविलें किंवा मागें माणसें भरलीं कीं टायर मडगार्डास घासण्याचा संभव. फरक शेंकडा दोन-तीनांच्या आंत राखावा.

पण केवळ व्यास जुळला म्हणून भागत नाहीं. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०·९ येतो, हिशेब उत्तम. मात्र त्याची भिंत १०७ मिलिमीटरांची, मूळची १३२ ची. खड्ड्याचा मार सोसणारा हाच भाग, आणि तोच कमी झाला. पोलादी रिम वांकली तर ठोकून सरळ होते. अलॉय रिम बहुधा तडकते. ज्यांची गाडी वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंत रोज पाणंदीनें जाते, त्यांनीं रिमचा व्यास वाढवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. जुनें अलॉय चाक घेतांना आंतल्या बाजूस डाग दिल्याची खूण आढळली तर तें स्वस्तांतही घेऊं नये.

मापापुढें भाराचा क्रमांक असतो. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८२ म्हणजे ४७५. मूळच्या क्रमांकाहून खालचा टायर घालूं नये. आपल्या गाडींत माणसांबरोबर बियाण्याचीं पोतींही बसतात, हें दुकानदारास ठाऊक नसतें. आय. एस. आय. चें चिन्ह आणि चार आंकडी तारीखही पाहावी. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा.

गाडीची पुस्तिका आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरील पट्टी पाहून मूळचीं मापें कागदावर उतरून घ्यावीं आणि तो कागद दुकानांत न्यावा. पैसे देण्यापूर्वीं पुढचें एक चाक लावून, गाडी जॅकवर असतांना तें हातानें फिरवावें, स्टिअरिंग दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवावें. चारी चाकें लागल्यावर पांच माणसें बसवून गाडी खड्ड्यांतून हळू न्यावी. नट पुस्तिकेंत दिलेल्या जोरानें टॉर्क पान्यानेंच आंवळावे आणि पन्नास ते शंभर किलोमीटरांनंतर पुन्हां तपासावे. चाकांचीं मापें व परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी.

जुनीं चाकें लगेच मोडींत देऊं नयेत. आमच्या त्या बागाईतदारांनीं आपलीं पोलादी चाकें गोठ्याच्या माळ्यावर ठेविलीं होतीं, म्हणून त्यांची गाडी त्याच दिवशीं पूर्ववत् झाली. खिळे मात्र सोळाही नवे घालावे लागले.