गोठ्यावर कॅमेरा

जुन्नर तालुक्यातले एक गाव. गावाबाहेर मळा. मळ्यात उसाचा फड आणि फडाला लागून गोठा. गोठ्यात दोन म्हशी, एक गाय, चार शेळ्या. घर गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर.

मागच्या वर्षी थंडीत एक म्हैस रात्री व्यायला बसली. घरी कोणालाच कळले नाही. रेडकू अडकले. पहाटे म्हातारेबाबा धार काढायला गेले, तर रेडकू मरून पडलेले. म्हैसही अर्धमेली झालेली.

यंदा तीच म्हैस पुन्हा गाभण. बाबा म्हणाले, "सूनबाई, माझी बाज गोठ्यात टाक. आता मी तिथंच निजणार."

सून म्हणाली, "मामा, तुमचं वय सत्तरीचं. थंडी अशी कडाक्याची. त्यात उसात बिबट्या हिंडतोय. म्हशीला राखायला तुम्ही जाल, पण तुम्हाला कोण राखणार?"

"मग करू तरी काय?"

"कॅमेरा बसवू. घरात बसून गोठा दिसेल."

बाबा हसले. "कॅमेरा काय म्हैस इणवणार हाय?"

बाबांचे बोलणे खरेच होते. कॅमेरा म्हैस विणवत नाही. तो चोराला धरत नाही, बिबट्याला हाकलत नाही. तो फक्त बघतो आणि आपल्याला सांगतो. पण वेळेवर कळले, तर पुढचे काम माणूस करू शकतो. म्हणून कॅमेरा काय करतो आणि काय करत नाही, हे आधी नीट समजून घेऊ या.

कॅमेरा अंधारात कसा बघतो?

गोठ्यात रात्री काळोख असतो. मग कॅमेऱ्याला दिसते कसे? कॅमेऱ्याच्या काचेभोवती बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. म्हणून जनावरांची झोपमोड होत नाही. रात्रीचे चित्र मात्र काळे-पांढरे येते.

हे चित्र मोबाईलवर कसे पोचते? काही कॅमेऱ्यांत मोबाईलसारखेच सिमकार्ड असते. काही कॅमेरे घरातल्या वायफायवर चालतात. गोठा घरापासून लांब असेल, तर सिमकार्डाचा कॅमेरा सोयीचा. पण विकत घेण्याआधी एक करा. आपला मोबाईल घेऊन गोठ्यात उभे राहा. तिथे रेंज येते का बघा. रेंज नसेल, तर चित्र घरी पोचणार नाही.

कॅमेऱ्यात नखाएवढे एक कार्ड असते. दिसलेले सारे त्यावर साठते. कार्ड भरले की जुने पुसून नवे साठते. म्हणून चोरी झाली, तर त्याच दिवशी ते चित्र मोबाईलमध्ये उतरवून ठेवावे. आठ-पंधरा दिवस थांबलात, तर पुरावा पुसला जाईल.

विजेचे काय?

मळ्यातली वीज पाळीने येते. वीज गेली की कॅमेरा आंधळा. आणि चोर तर काळोखच शोधतो! म्हणून मळ्यावर सूर्याच्या उजेडावर चालणारा कॅमेरा बरा. त्याला एक लहान सौरपाटी आणि बॅटरी असते. दिवसा बॅटरी भरते, रात्री कॅमेरा चालतो. पाटी दक्षिणेकडे तोंड करून, झाडाची सावली पडणार नाही अशी लावावी. पावसाळ्यात ढग असले की बॅटरी कमी भरते, हेही ध्यानात असू द्यावे.

कुठे लावावा?

माणसाचा हात सहज पोचणार नाही, एवढा उंच लावावा. दहा फूट उंची पुष्कळ झाली. फार उंच लावला, तर माणसाचे डोकेच दिसते, तोंड दिसत नाही. सकाळ-संध्याकाळचा सूर्य समोर येईल असा लावू नये. वायर असली, तर ती नळीतून न्यावी. उघडी वायर उंदीर कुरतडतात आणि शेळ्या चघळतात.

दोन कॅमेरे असले, तर एक गोठ्याच्या दाराकडे आणि दुसरा गाभण जनावर बांधतो तिकडे लावावा. एकच असेल, तर दार आणि दावण दोन्ही दिसतील असा कोपरा निवडावा.

कॅमेऱ्यासमोर काही हलले की मोबाईल वाजतो. पण गोठ्यात तर सारखेच काही ना काही हलते. म्हैस शेपूट हलवते, कुत्रे जाते, कोळी काचेवर जाळे विणतो. रात्रीत वीस वेळा मोबाईल वाजला, तर माणूस कंटाळून तो बंदच करतो! म्हणून मोबाईलवर नेमकी जागा आखून द्यावी. दार हलले तर वाजू दे, शेपूट हलले तर नको. आठवड्यातून एकदा मऊ फडक्याने काच पुसावी.

काय बघावे?

म्हैस भरल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. म्हैस साधारण ३१० दिवसांनी विते, गाय २८० दिवसांनी. दिवस भरत आले की रात्री दोन-तीनदा चित्र बघावे. जनावर सारखे ऊठ-बस करते, शेपूट उचलते, मागे वळून बघते. मग पाण्याची पिशवी दिसते. आता घरात बसू नये. गोठ्यात जावे.

आधी पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले तोंड दिसले, तर सारे ठीक आहे. एकच पाय दिसला, किंवा पिशवी दिसून दोन तास झाले तरी वासरू आले नाही, तर ओढाताण करू नये. डॉक्टरांना बोलवावे. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२ आहे. रात्री पथक मिळेलच असे नाही. म्हणून जवळच्या डॉक्टरांचा नंबर आधीच घेऊन ठेवावा.

म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. ती ओरडत नाही, आणि माज रात्रीच येऊन जातो. तोही कॅमेऱ्यात सापडू शकतो. एक माज चुकला, तर पुढचा येईपर्यंत सुमारे २१ दिवस थांबावे लागते.

बिबट्या आणि चोर

कॅमेऱ्यात बिबट्या दिसला, तर काठी घेऊन बाहेर धावू नये. दार लावून घरातच राहावे. वनखात्याला १९२६ नंबरवर कळवावे. बिबट्याने जनावर मारले, तर ते हलवू नये. वनखात्याने पंचनामा केला, म्हणजे भरपाई मागता येते. पण खरी राखण भक्कम गोठ्याचीच. चारी बाजूंनी जाळी आणि वर छप्पर हवे. आधी जाळी, मग कॅमेरा.

चोर दिसला, तर एकट्याने अंगावर जाऊ नये. ११२ नंबर फिरवावा, शेजाऱ्यांना उठवावे. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो. तो वहीत लिहून ठेवावा. तक्रार देताना चित्र आणि नंबर दोन्ही कामी येतात.

शेजाऱ्याचीही अब्रू राखा

कॅमेरा आपल्या गोठ्याकडे असावा. शेजाऱ्याच्या अंगणाकडे, न्हाणीकडे किंवा पाणवठ्याकडे नसावा. कोणाचे खाजगी अंग चोरून टिपणे हा कायद्याने गुन्हा आहे. कॅमेऱ्याचा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, पहिल्याच दिवशी बदलावा. नाहीतर आपला गोठा परकाच कोणी बघत बसेल.

बाबांचे पुढे काय झाले?

सुनेने बचत गटातून पैसे उचलले आणि एकच कॅमेरा घेतला. एका रात्री तीन वाजता तिने मोबाईल बघितला. म्हैस ऊठ-बस करत होती. तिने सासऱ्यांना उठवले. बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत दोघे मिळून गेले. बघतात तो एकच पाय बाहेर. डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले. त्यांनी मागे अडकलेला पाय सरळ केला. उजाडायच्या आत रेडी जन्मली आणि तासाभरात चीक प्याली.

बाबा म्हणाले, "सूनबाई, कॅमेऱ्यानं म्हैस इणवली नाही. पण आपल्याला उठवलं खरं."

लक्षात ठेवा

आधी भक्कम गोठा, मग कॅमेरा.
घेण्याआधी रेंज आणि वीज बघा.
डॉक्टर, वनखाते आणि पोलीस यांचे नंबर भिंतीवर लिहा.
कॅमेरा जागा असला, तरी धन्याने सावध राहावे.