घरचें शिक्षण आणि वर्ध्याचा अनुभव

मुलाला शाळेंत न घालतां घरींच शिकवावें काय, हा प्रश्न हल्लीं शहरांतील सुशिक्षित घरांतून वारंवार विचारला जातो. विचारणारी बहुधा आई असते. मूल शाळेंतून येतें तें दमून. इतिहासाचें पुस्तक सनावळ्यांनीं भरलेलें, विज्ञानाची वही उत्तरांनीं भरलेली, आणि त्यांपैकीं एकहि वस्तु त्यानें हातांत धरून पाहिलेली नसते, अशी तिची तक्रार असते. तक्रार खरी आहे. पण तिच्या मनांत एक भीतीहि दडलेली असते. घरीं शिकविलें, आणि उद्यां मुलानेंच विचारलें कीं, ‘आई, माझें नुकसान कां केलेंस?’ तर काय उत्तर द्यावें?

या भीतीची वासलात लावल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. आणि त्यासाठीं फार दूर जावयास नको. गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंत असतांना आपल्या मुलांना तेथील शाळांत घालण्याचें बहुतांशीं टाळलें आणि शिकविण्याचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. जोहान्सबर्गला कचेरीकडे पायीं जातांना ते मुलांना बरोबर घेत आणि वाटेंत बोलतां बोलतां शिकवीत. हेतु थोर, शिक्षक थोर. वेळ मात्र अपुरा. मुलांना पुरेसें अक्षरशिक्षण देतां आलें नाहीं आणि त्याबद्दल त्यांची तक्रार आहे, हें त्यांनीं आत्मचरित्रांत मोकळेपणीं लिहून ठेवलें आहे. शाळेंत न घातल्याचा पश्चात्ताप त्यांना नव्हता. पण थोरले चिरंजीव हरिलाल यांच्या मनांतली कटुता अखेरपर्यंत गेली नाहीं. म्हणजे वर जी भीति सांगितली ती कोणा भित्र्या आईची कल्पना नव्हे. ती एका महापुरुषाच्या घरांत खरी ठरली आहे.

आतां दुसरें उदाहरण पाहा. महादेवभाई देसाई यांचे चिरंजीव नारायण देसाई हे १९२४ सालीं जन्मले आणि साबरमती व वर्ध्याजवळील सेवाग्राम या आश्रमांत वाढले. त्यांनीं शाळा सोडली, आणि वडील व आश्रमवासी यांच्या हाताखालीं ते शिकले. कताई-विणाईंत तर तरबेज झाले. पुढें गुजराथेंतील वेडछी येथें त्यांनीं नयी तालीमच्या शाळेंत शिकविलें, वडिलांचें जें चरित्र लिहिलें त्यास १९९३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि गांधीजींचें चरित्र गुजराथींत चार खंडांत लिहून काढलें. २०१५ सालीं ते वारले. शाळा सुटली म्हणून त्यांचें कांहीं अडलें असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

मग एकाच विचाराचीं दोन फळें इतकीं निराळीं कां? माझ्या मतें कारण साधें आहे. महादेवभाई स्वतः कामाच्या डोंगराखालीं दबलेले. एकट्या बापाच्या शिकवणीवर मुलगा विसंबून असता, तर त्याची गत निराळी झाली असती. परंतु सेवाग्रामांत चरखा फिरत होता, माग चालत होता, गोशाळा होती, रोग्यांची शुश्रूषा चालली होती, चार भाषा बोलणारीं माणसें भोजनाच्या पंक्तींत बसत होतीं. मुलाभोंवतीं खरें काम होतें आणि तें जाणणारीं पुष्कळ माणसें होतीं. चार भिंतींचें बिऱ्हाड, त्यांत एक आई आणि एक मूल, ही काहीं त्याची बरोबरी नव्हे. ज्यांना घरीं शिकवावयाचें आहे त्यांनीं पुस्तकांची यादी करण्यापूर्वीं माणसांची यादी करावी.

हाच विचार शाळेच्या रूपानें वर्ध्यासच मांडला गेला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. मातृभाषेंतून सात वर्षांचें शिक्षण आणि त्याच्या मध्यभागीं एक हस्तोद्योग, ही तेथील मुख्य कल्पना. पुढें राष्ट्रपति झालेले डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिचा तपशील ठरविला. विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा हे तींत होते. साडेपांच तासांच्या शाळेंत ३ तास २० मिनिटें उद्योगाला, ४० मिनिटें मातृभाषेला, ४० मिनिटें संगीत, चित्रकला व गणित यांना, आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना मिळून अवघीं ३० मिनिटें, अशी वांटणी त्यांनीं केली. ती पाहून कोणीहि दचकेल. इतिहास आणि विज्ञान अर्ध्या तासांत? परंतु ते दोन्ही विषय उद्योगाच्या वेळींच, हातांतील कामाच्या निमित्तानें शिकावयाचे होते. याला ‘समवाय’ असें नांव होतें. आणि उत्पन्नाच्या हव्यासापायीं शिक्षणाचा हेतु बुडूं देऊं नये, असा इशाराहि समितीनेंच देऊन ठेवला होता. सेवाग्राम येथें आर्यनायकम् व आशादेवी या पतिपत्नींनीं हें काम चालविलें. मध्यंतरीं ती शाळा बंद पडली. २००५ सालीं ‘आनंद निकेतन’ या नांवानें ती तेथें पुन्हा उभी राहिली. शोधग्रामचे डॉ. अभय बंग हे जुन्या शाळेचे विद्यार्थी होत.

समवाय चांगला, पण त्याची थट्टाहि लवकर होते. टकळीचें लोखंड हातीं आलें कीं लगेच लोखंडाच्या खाणी, खाणींवरून बिहार, बिहारवरून सम्राट् अशोक! अशानें मूल कंटाळतें आणि टकळीहि बदनाम होते. संबंध ओढून आणावयाचा नसतो. वस्तूच्या पोटांत जो असतो तेवढाच उघडावयाचा असतो.

तो कसा उघडावा, हें कापसावरूनच पाहूं, कारण वर्धा जिल्हा कापसाचा आहे आणि हिंगणघाटच्या कापसाचें नांव पूर्वींपासून आहे. बाजारांतून सरकीसकट कापूस आणावा. ९० ग्रॅम वजन करून मुलाकडून हातानें सरकी काढवावी. तासभर लागेल, बोटें दुखतील, आणि हातीं सुमारें ३० ग्रॅम रुई येईल. बाकीचें वजन सरकीचें. यंत्रानें ही सरकी निघूं लागल्याबरोबर जगांत उलथापालथ कां झाली, हें मग बोटेंच सांगतात. आतां रुईची एक बट दोन्ही हातांनीं ओढावी. ती सहज तुटते. तशीच दुसरी बट पीळ देऊन ओढावी. ती तुटत नाहीं. तंतु तेच, बळ कोठून आलें? पिळानें तंतु एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांचें घर्षण वाढतें. व्याख्या पाठ करण्यापूर्वीं घर्षण मुलाच्या मुठींत आलें पाहिजे. टकळीला चकती कशासाठीं, हें चकती काढून ती फिरवून पाहिल्यावर विचारावें.

सुताचा नंबर हेंहि उत्तम गणित आहे. ८४० यार्डांची एक लड, अशा जितक्या लडी एका पौंडांत बसतील तो सुताचा नंबर. घरीं त्याचा दहावा भाग, म्हणजे सुमारें ७७ मीटर सूत मोजून काट्यावर ठेवावें. तें साडेचार ग्रॅम भरलें तर सूत दहा नंबरी. सव्वादोन ग्रॅम भरलें तर वीस नंबरी. वजन निम्मे झालें आणि नंबर दुप्पट झाला, हें व्यस्त प्रमाण मुलाला असें कळलें म्हणजे तें विसरत नाहीं.

इतिहासहि त्याच पेळूंतून निघतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वर्धा हा निराळा जिल्हा झाला तो १८६२ सालीं. वर्ध्यावरून नागपूरपर्यंत आगगाडी पोंचली ती १८६७ सालीं. या तीन सनावळ्या पाठ करावयास सांगूं नयेत. तीन चिठ्ठ्यांवर लिहून मुलापुढें टाकाव्या आणि विचारावें : यांत कोणाचा कोणाशीं संबंध असेल? मुलानें चुकीचें उत्तर दिलें तरी तें विचार करून दिलेलें असतें.

काळाचें अंतर मुलांना कळत नाहीं, ही इतिहासाची खरी अडचण. त्याला एक दोरी पुरते. एका वर्षाला एक सेंटिमीटर धरावा आणि गांठी माराव्या. वर्ध्याची १९३७ ची परिषद मीटरभराच्या आंतच राहते. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन मात्र पंधरा मीटरांच्या पलीकडे जातो. दोरी दिवाणखान्यांतून जिन्यावर आणि जिन्यावरून अंगणांत न्यावी लागते. मग धाम नदीच्या कांठीं पवनारला जावें. तेथें विनोबांचा आश्रम आहे, आणि आश्रमाच्या भूमींत खोदतांना निघालेलीं जुनीं शिल्पें आहेत. पवनार हीच प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असें महामहोपाध्याय मिराशी यांचें मत होतें. पुढें रामटेकजवळ मनसर येथें उत्खनन झालें आणि प्रवरपूर तेथें असावें असें दुसरे अभ्यासक म्हणूं लागले. हा वाद मुलांपासून लपवूं नये. विद्वान् ज्या पुराव्यावर भांडतात, तो पुरावा म्हणजे दगड, विटा आणि ताम्रपट. हें एकदां समजलें कीं इतिहास म्हणजे कोणी सांगितलेली गोष्ट, ही समजूत जाते.

विज्ञानाचा सर्वांत स्वस्त प्रयोग सावलीचा. एक मीटर उंचीची सरळ काठी गच्चीवर उभी करावी आणि दुपारीं सावली सर्वांत आखूड होईल तेव्हां ती मोजावी. वर्ध्यास २१ मार्चच्या सुमारास ती ३८ सेंटिमीटर भरते. त्याच दिवशीं पुण्याच्या मावशीकडे तशीच काठी उभी केली तर सावली साडेतेहतीसच्या आसपास येते. या दोन सावल्यांवरून निघणाऱ्या कोनांत सव्वादोन अंशांचा फरक पडतो. दोन्ही गांवांचें दक्षिणोत्तर अंतर नकाशावर मोजलें तर सुमारें अडीचशें किलोमीटर. त्रैराशिक मांडलें कीं पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरांच्या जवळपास येतो. बावीसशें वर्षांपूर्वीं एराटोस्थेनीसनें हेंच केलें. आमच्या घरीं पहिल्या खेपेस परीघ एकतीस हजार आला, कारण काठी तिरपी होती. ओळंबा लावून पुन्हा मोजण्यांत आणखी दोन दिवस गेले, आणि मुलांना ते दोन दिवसच अधिक आठवतात.

आतां व्यवहाराचें थोडें. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण देणारा २००९ चा कायदा शाळेची भाषा बोलतो, घराची नाहीं. म्हणून शाळा सोडविण्यापूर्वीं जाणत्यांचा सल्ला घ्यावा. परीक्षेसाठीं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट आहे. तिच्या माध्यमिक परीक्षेस वयाचीं चौदा वर्षें पुरीं लागतात. आणि ज्यांना शाळा सोडवावयाची नाहीं, त्यांनाहि रविवार आहेच. वाचन व लेखन यांना मात्र रोजचा ठराविक वेळ द्यावा. हस्तोद्योगाच्या आनंदांत नेमकें तेंच राहून जातें, आणि हरिलालांची तक्रार तीच होती.

सावलीच्या प्रयोगास दोन दिवस विशेष चांगले. २२ डिसेंबरला वर्ध्यास मध्यान्हींची सावली जवळजवळ काठीएवढी, ९७ सेंटिमीटर होते. आणि २४ मेच्या सुमारास, घड्याळांत सव्वाबाराला दोनतीन मिनिटें कमी असतांना, ती क्षणभर नाहींशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत हा योग पुन्हा येतो. पण त्या वेळीं आभाळ बहुधा भरलेलें असतें, तेव्हां काठी मे महिन्यांतच उभी करून ठेवावी.